थंडीच्या कंदांचा एक खोका, गोव्यातल्या साखळीच्या घरात

विकत घेतलेल्या वस्तूचा अनुभव लोक बहुतेक करून खोका उघडल्याच्या दिवशीच लिहून मोकळे होतात. फुलांच्या कंदांच्या बाबतीत तसं करता येत नाही. मी हा खोका ऑक्टोबरात मागवला, त्यातलं शेवटचं फूल परवा सुकलं, म्हणून आता लिहायला बसले आहे. तेहतीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवल्यामुळे नोंद ठेवायची सवय आहे. पुढे जे दिवस आणि जी मापं येतील ती माझ्या वहीतली आहेत.

खोक्यात होते पाच ट्यूलिप, तीन हायसिंथ, दहा क्रोकस आणि पाच पेपरव्हाइट नर्सिसस. किंमत १,४५० रुपये, टपालखर्च १२० रुपये वेगळा. साखळीला पोचायला सहा दिवस लागले. विकणाऱ्याचं नाव घालत नाही. असे खोके आता बरेच जण विकतात आणि मला सांगायचं आहे ते त्यातला माल आपल्या हवेत काय करतो याबद्दल.

मागवण्याचं कारण घरचंच. माझी धाकटी मुलगी स्विंडनला असते. गोव्यातली किती घरं आज इंग्लंडमधल्या त्या गावात आहेत हे इथे कुणाला सांगायला नको. दर फेब्रुवारीत तिच्याकडून एक फोटो येतो: ओल्या गवतात खाली मान घातलेली पांढरी फुलं, स्नोड्रॉप. रात्री कडक दंव पडलं की सकाळी ती आडवी झालेली असतात आणि ऊन चढल्यावर पुन्हा उभी राहतात असं ती सांगते. गेल्या वर्षी नातीने फोनवर विचारलं, "आजी, तुमच्याकडे थंडी संपली की काय फुलतं?" मी म्हटलं, "आंबा." तिला ते पटेना. तिच्या लेखी आंबा म्हणजे फळ. मग मी तिला कबूल केलं की पुढच्या फेब्रुवारीत मी पण तुझ्यासारखी फुलं फुलवून दाखवीन. या वयात नातवंडाला दिलेला शब्द फार मोठा असतो.

स्नोड्रॉपचा नाद मी लगेच सोडला, तो आपल्या हवेत जगणारच नाही. पण खोक्यावरच्या चित्रात बाकीची चारही फुलं एका कुंडीत, एकाच वेळी फुललेली होती आणि खाली "सर्व हवामानात" असं छापलेलं होतं. त्या दोन शब्दांबद्दल माझी सगळ्यात मोठी तक्रार आहे.

थंडी आपल्याकडेही पडते. पणजीत जानेवारीत पहाटेचं तापमान साधारण वीस अंशांपर्यंत उतरतं. आमच्याकडे वाळवंटी नदीच्या काठाला आणि पुढे सत्तरी तालुक्याच्या बाजूला ते आणखी थोडं खाली जातं. पौषात धालोच्या नाचगाण्यांना बायका रात्री मांडावर जमतात तेव्हा खांद्यावर शाल लागतेच. एवढ्या थंडीवर आंब्याचं काम भागतं. कोरड्या, गार रात्री मिळाल्या की मानकुराद मोहोरतो, आणि थंडी नीट पडली नाही की मोहोर उशिरा येतो, हे परसात आंबा असलेला प्रत्येक माणूस जाणतो. ट्यूलिपला मात्र ही थंडी पुरत नाही. त्याचं मूळ मध्य आशियातल्या डोंगरांत. तिथला हिवाळा तो जमिनीत पडून काढतो. त्याला १२ ते १६ आठवडे पाच अंशांच्या आसपासचा गारवा लागतो, हायसिंथला साधारण १० ते १४ आठवडे. पेपरव्हाइट नर्सिसस तेवढा वेगळा: तो भूमध्य समुद्राच्या काठचा, जिथे हिवाळा सौम्य असतो, त्यामुळे त्याला थंडी द्यावी लागत नाही.

खोक्यातल्या कागदावर यातलं काहीही नव्हतं. इंग्रजीत चार ओळी होत्या: मिळताच कुंडीत लावा, ऊन द्या, आठवड्यातून दोनदा पाणी घाला, सहा आठवड्यांत फुलं येतील. चार प्रकारांपैकी तीन प्रकारांसाठी ही सूचना चुकीची आहे. कंद आधी गारव्यात ठेवून मग पाठवले आहेत का, हेही कुठे लिहिलेलं नव्हतं. मी पत्र पाठवून विचारलं. उत्तर आलं की कंद ताजे आणि उत्तम प्रतीचे आहेत. विचारलं एक, उत्तर दुसऱ्याच प्रश्नाचं. शिमल्याच्या माणसाला आणि साखळीच्या माणसाला एकच कागद पाठवणं मला मान्य नाही. पैसे दोघांचे सारखेच असतात. ज्याला हे ठाऊक नसेल तो ऑक्टोबरच्या उकाड्यात सगळे कंद लावील, डिसेंबरात नुसती पानं बघील आणि आपल्याच हाताला गुण नाही असं समजेल. माझ्या ओळखीत अशा दोन बायका आहेत.

मुलीने तिकडून माहिती काढून दिली म्हणून मी वाचले. एका हायसिंथला निळसर बुरशी लागून तो मऊ पडला होता. विकणाऱ्याला फोटो पाठवला तर तक्रारीची मुदत सात दिवसांचीच होती असं कळलं, आणि मला आठवा दिवस झाला होता. तो कंद फेकण्याआधी मी विळीवर उभा चिरला, आणि ते बघून मात्र हरखून गेले. कांद्यासारख्या पापुद्र्यांच्या मधोमध, अगदी तळाशी, तांदळाच्या कणीएवढ्या कळ्यांचा एक फिकट घोस आधीच तयार बसलेला होता. म्हणजे फूल घडवायचं काम झाडाने मागच्या उन्हाळ्यातच उरकलेलं असतं. थंडी लागते ती पुढच्या कामाला, देठ लांबवून ते फूल वर आणायला. हे मी मुलांना वर्गात दाखवू शकले असते तर किती बरं झालं असतं.

बाकीचे कंद २० ऑक्टोबरला फ्रीजच्या भाजीच्या खणात गेले. भोकं पाडलेल्या कागदी पिशव्यांत. प्लॅस्टिकमध्ये ठेवले तर घाम सुटतो आणि कुजतात. खणात थर्मामीटर ठेवला, तो पाच-सहा अंश दाखवत होता. पिशवीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं: "कांदे नव्हेत. विषारी." ही सूचना खोक्यावर ठळक छापलेली असायला हवी होती. नर्सिससचा कंद दिसायला थेट कांद्यासारखा, आणि पोटात गेला तर जोरदार उलट्या होतात. हायसिंथचे कंद हाताळल्यावर कातडीला खाज सुटते ती वेगळीच, मला मनगटापर्यंत सुटली. घरात लहान मूल किंवा घाईने स्वयंपाक करणारं माणूस असेल तर फ्रीजमधली जागा आधी ठरवून घ्या.

दुसरी गोष्ट फळांची. नोव्हेंबरात सुनेने विचारलं, "आई, चिकू कुठे ठेवू? खाली जागा आहे." मी नाही म्हणेपर्यंत तिने दोन दिवस ते त्याच खणात ठेवलेही होते. पिकणाऱ्या फळांतून इथिलीन वायू सुटतो आणि ट्यूलिपच्या कंदातली ती इवलीशी कळी त्याने आतल्या आत मरू शकते. चिकू, केळी, आंबा, सफरचंद, सगळ्यांनाच हे लागू आहे. तीन महिने तो खण फळांना बंद ठेवायचा, घरातल्या सगळ्यांना सांगून. खोक्याची खरी किंमत धरायची असेल तर हा खणही धरा.

आता फुलांकडे येते.

पेपरव्हाइट नर्सिससने मला जिंकलं. ५ जानेवारीला मी पाचही कंद दोन पसरट काचेच्या भांड्यांत लावले, एकात तीन, दुसऱ्यात दोन. माती नाही. वाळवंटीतले गोटे धुऊन घातले, कंद त्यांत अर्धे रोवले आणि पाणी कंदाच्या बुडाला जेमतेम टेकेल एवढंच ठेवलं. चौथ्या दिवशी पांढरी मुळं गोट्यांतून शिरताना दिसली. उबदार हवेत हे झाड भराभर उंच वाढतं आणि मग स्वतःच्याच भाराने मोडून पडतं, ही त्याची ठाऊक असलेली खोड. त्यावर अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात कंदफुलांवर काम करणाऱ्यांनी २००६ साली एक उपाय प्रसिद्ध केला: कोंब इंच-दीड इंच झाला की साध्या पाण्याऐवजी चार ते सहा टक्के मद्यार्क असलेलं पाणी घालायचं. झाड तेवढं पाणी ओढून घेऊ शकत नाही, म्हणून बुटकं राहतं, पण फुलाचा आकार आणि आयुष्य कमी होत नाही.

मुलीने हे सांगितल्यावर मी कपाटातली फेणीची बाटली काढली. आमच्या घरी कुणी पीत नाही, पण खोकल्यासाठी आणि पोटदुखीसाठी गोव्यातल्या बहुतेक घरांत असते तशी एक बाटली असते. काजूच्या फेणीच्या बाटलीवर ४२.८ टक्के लिहिलेलं असतं. एक भाग फेणी आणि सात भाग पाणी केलं की पाच टक्क्यांच्या थोडं वर येतं. तीन कंदांच्या भांड्यात हे पाणी, दोन कंदांच्या भांड्यात विहिरीचं साधं. वाइन किंवा बिअर यासाठी चालत नाही, त्यांतल्या साखरेने मुळं बिघडतात. हुर्राक, म्हणजे काजूची पहिल्या वाफेची दारू, घालावा का असं शेजारच्या काकींनी विचारलं. माझा सल्ला असा की ज्या बाटलीवर टक्के छापलेले आहेत तीच घ्या, कारण मुद्दा मापाचा आहे आणि जास्त झालं तर झाड मरतं.

३ फेब्रुवारीला फूटपट्टी लावली. साध्या पाण्यातली झाडं एकोणीस आणि वीस इंच, दोन्ही वाकलेली, सुतळीने बांधावी लागली. फेणीच्या पाण्यातली अकरा, बारा आणि साडेअकरा इंच, सरळ उभी. ६ तारखेला पहिलं फूल उमललं. एका देठावर आठ, दुसऱ्यावर अकरा अशी पांढरी शुभ्र फुलं, मध्ये तेवढीच पांढरी इवली वाटी. पहाटे उठून खोलीत आले तेव्हा अजून नीट फटफटलं नव्हतं, आणि त्या अंधुक उजेडात फक्त तो घोस दिसत होता. मी दिवा न लावता तिथेच बसून राहिले. फोटो काढून पाठवला, तिकडे मध्यरात्र होती. सकाळी नातीचा आवाज आला: "आजी, तुझी आमच्या आधी आली!" त्यांच्याकडे नर्सिसस मार्चच्या सुमाराला येतात. सगळा खोका या एका वाक्याने वसूल झाला असं मी म्हणेन.

वास मात्र उग्र आहे. मोगरा दाटला की जसा भारी होतो त्याहून भारी, आणि त्यात काहीतरी अंगावर येणारंही आहे. घरातल्यांचं डोकं दुखायला लागलं म्हणून दुसऱ्या दिवशी भांडं आतल्या खोलीतून सोप्यावर नेलं. मोकळ्या हवेत तो वास सुंदर वाटतो. फुलं बारा दिवस टिकली. पाचपैकी पाच गुण.

हायसिंथ उरले होते दोन. पहिला मी आठ आठवड्यांनी फ्रीजमधून काढला, दुसरा अकरा आठवड्यांनी, फरक दिसावा म्हणून. अरुंद गळ्याच्या बरणीवर कंद बसवला, पाणी त्याच्या बुडाच्या किंचित खाली, आणि कोंब दोन इंच होईपर्यंत मागच्या खोलीत अंधारात. आमचं घर कौलारू, जांभ्या दगडाच्या जाड भिंतींचं आहे. ती खोली दुपारीही गार असते, आणि मला वाटतं या फुलाचं अर्धं श्रेय त्या भिंतींना आहे. आठ आठवड्यांच्या कंदाचं फूल पानांच्या बेचक्यातच अडकून फुललं, देठ वर आलाच नाही. अकरा आठवड्यांच्या कंदाने मात्र ३० जानेवारीला निळ्या-जांभळ्या फुलांचा भरगच्च तुरा वर काढला, सहा इंच उंच. तो आठ दिवस राहिला. त्याचा गोड वास दारातून आत येणाऱ्या प्रत्येकाने विचारला. तीन आठवड्यांच्या गारव्याने केवढा फरक पडतो ते या दोन बरण्या शेजारी ठेवल्यावर कळलं. पाचपैकी चार, आणि चौथा गुण पूर्ण थंडी देणाऱ्यालाच मिळेल.

ट्यूलिपबद्दल लिहिताना अजून वाईट वाटतं. पूर्ण तेरा आठवडे फ्रीजमध्ये राहिले. २० जानेवारीला डिचोलीच्या कुंभारांकडून आणलेल्या मातीच्या कुंड्यांत लावले, मुळं गार राहावीत म्हणून मुद्दाम माती निवडली. वर नारळाच्या सोडणांचा चुरा पसरला, सकाळचं ऊन आणि दुपारी सावली ठेवली. पानं रुंद, राखाडी-हिरवी, फार देखणी आली. तीन झाडांना कळीच नाही. दोघांना आली, बोटाच्या पेराएवढी, आणि वर येता येता कागदासारखी सुकली. फेब्रुवारीत दुपारी आमच्याकडे ३२ अंश होतात. फ्रीजमधली थंडी देता येते, त्यानंतरचा गार वसंत कुठून आणणार? आम्ही उभयतांनी काही वर्षांपूर्वी श्रीनगरला झबरवान डोंगराच्या पायथ्याची ट्यूलिपची बाग पाहिली होती, मार्चअखेर. अंगात स्वेटर होता आणि फुलांवरून गार वारा येत होता. त्या फुलांना हवं असतं ते तेच. साखळीत, म्हापशात, मडगावात ट्यूलिप घेऊ नका. विकणाऱ्यांनीही ते गोव्याच्या पत्त्यावर पाठवू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. पाचपैकी शून्य, आणि दोष कंदांचा नाही.

क्रोकस: दहापैकी तीन फुलले, प्रत्येक दोन दिवस. बाकी गवत. परवडत नाही.

आता एक तुलना, जी खोका विकणाऱ्यांना कदाचित आवडणार नाही, पण घेणाऱ्याने करावी. फेब्रुवारीच्या ज्या आठवड्यात माझ्या सोप्यावर नर्सिसस होते, त्याच आठवड्यात बाजारात सुरंगीचे वळेसर, म्हणजे गजरे, आले. सुरंगी आपल्या सह्याद्रीच्या रांगेतलंच झाड. फूल फांदीच्या टोकाला न येता थेट जुन्या जाड फांद्यांवर लगडतं. कळ्या उमलायच्या आत पहाटे काढाव्या लागतात. वळेसर सुकून तपकिरी झाला तरी कपाटातल्या लुगड्यांत महिनोन् महिने वास देतो. मी एक वळेसर घेऊन नर्सिससच्या भांड्याशेजारी ठेवला आणि दोन्हींचा मिळून एक फोटो नातीला पाठवला. खाली लिहिलं: हे तुझ्याकडचं, हे माझ्याकडचं. तिला अजून सुरंगी म्हणता येत नाही. मेमध्ये ती आणि तिची आई येतील तेव्हा शिरगावची लईराईची जत्रा कदाचित होऊन गेलेली असेल, पण परसातला मोगरा असेलच, आणि तिच्यासाठी सुरंगीच्या कळ्या मी डब्यात सुकवून ठेवल्या आहेत.

ज्यांना मागवायचेच असतील त्यांच्यासाठी माझ्या अनुभवातून एवढंच. मिसळीचा खोका घेऊ नका, एकेक प्रकार सुटा मागवा. विकणाऱ्याला आधी विचारा की कंदांना गारवा दिला आहे का आणि किती आठवडे. आकड्यात उत्तर आलं नाही तर पैसे देऊ नका. खोका मिळाला त्याच दिवशी प्रत्येक कंद दाबून बघा, मऊ असेल तर त्याच दिवशी तक्रार करा, मुदत फार लहान असते. हे कंद आपल्याकडे पुढच्या वर्षी पुन्हा फुलतील ही आशाही ठेवू नका. पाण्यात फुललेला नर्सिसस आपली सगळी शिदोरी संपवून बसलेला असतो. माझे मी नारळाच्या बुंध्याशी खोल पुरले, गाईवासरांच्या तोंडी लागू नयेत म्हणून.

सगळा मिळून खोक्याला मी पाचपैकी दोन गुण देते. कंदांचा दर्जा तसा वाईट नव्हता. गुण कापले ते त्या चार ओळींच्या कागदासाठी आणि "सर्व हवामानात" या शब्दांसाठी.

येत्या ऑक्टोबरात दहा पेपरव्हाइट आणि दोन हायसिंथ मागवणार आहे, दुसऱ्या कुणाकडून. ट्यूलिपचे वाचलेले पैसे एका सुरंगीच्या रोपासाठी बाजूला काढलेत. विहिरीच्या पलीकडे खड्डा आत्ताच खणून ठेवला आहे, पाऊस लागला की रोप लावीन.